पोलादी सुरी: निवडताना, वापरताना, पावसाळ्यात

टोमॅटोवर सुरी टेकवायची, दाबायची अजिबात नाही, फक्त मागे ओढायची. साल दबायच्या आत कापली गेली पाहिजे आणि चकती बोटाला चिकटून राहील इतकी पातळ निघाली पाहिजे. नीट धार लावलेली पोलादी सुरी हे रोज करते, आणि महिना-दीड महिन्याने मंदावली तर पंधरा मिनिटांच्या मेहनतीत पुन्हा करायला लागते. एवढ्यासाठीच ती घ्यायची. बाजारात तिला कार्बन स्टील म्हणतात, लोहार पोलाद म्हणतो, घरातली वडीलधारी माणसं लोखंडी सुरी म्हणतात. वस्तू एकच.

तिची भीतीही सगळ्यांना एकच: गंजेल. गंजते, हे खरं आहे. पण ज्या घरात लोखंडी विळी चालली, त्या घराला यात नवीन काही नाही. धातुतज्ज्ञ हॅरी ब्रिअर्ली यांनी इंग्लंडमधल्या शेफिल्डमध्ये न गंजणारं पोलाद केलं ते १९१३ साली. त्याआधी स्वयंपाकघरात जे पोलादी पातं होतं ते गंजणारंच होतं, आणि लोक त्याच्यावर कैऱ्या चिरत होते. चिरून झालं की पातं धुवायचं, लगेच पुसायचं, मिटवून कोरड्या जागी ठेवायचं, ही विळीची सवय सुरीला जशीच्या तशी लागू पडते. एक सुरी चारही ऋतूंत रोज वापरल्यावर माझं मत पक्कं झालं आहे की इथे दोन गोष्टींवर सगळं अवलंबून असतं: घेताना पात्याची जाडी, आणि घेतल्यावर हाताशी असलेला कोरडा फडका.

पोलाद म्हणजे लोखंड आणि थोडा कार्बन. सुरीसाठी हे प्रमाण साधारण ०.६ ते १.२ टक्के असतं. स्टेनलेसमध्ये याशिवाय किमान साडेदहा टक्के, सुऱ्यांमध्ये बहुधा तेरा टक्के किंवा जास्त क्रोमियम असतं. ते गंज थांबवतं, पण कार्बनबरोबर मिळून कठीण, जाडसर कणही तयार करतं. स्वस्त स्टेनलेस धारेच्या दगडावर घासताना साबणासारखं निसटतं आणि कडेची वळलेली पत्री सुटता सुटत नाही. साधं पोलाद दगडाला लगेच चावतं. हा फरक हाताला पहिल्याच घासण्यात कळतो.

लोहचुंबक लावून पोलाद ओळखता येतं असं बरेच जण सांगतात. त्यात तथ्य नाही, कारण सुऱ्यांचं बहुतेक स्टेनलेसही चुंबकाला चिकटतं. त्यापेक्षा पात्यावर मुठीजवळ लिंबाच्या रसाचा एक थेंब दहा मिनिटं ठेवा. पोलाद असेल तर तिथे राखाडी डाग उमटतो, स्टेनलेस तसंच चकचकीत राहतं. मात्र पात्यावर लाखेचा किंवा तेलाचा थर असेल तर ही परीक्षा फसते. आधी तो कोपरा पुसून घ्या.

पुण्यात अशी सुरी मिळवायचे मार्ग तीन. रविवारी आणि बुधवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात जुनी पाती मिळतात. परदेशी सुऱ्या ऑनलाइन मागवता येतात. तिसरा मार्ग म्हणजे रस्त्याच्या कडेला भाता लावून बसलेल्या लोहाराकडून करून घेणं.

जपानी सुऱ्यांवर शिरोगामी आणि अओगामी अशी नावं वाचायला मिळतात. शिरोगामी म्हणजे पांढरा कागद, अओगामी म्हणजे निळा कागद. ज्या कागदात ते पोलाद गुंडाळून येई त्यावरून ही नावं पडली. पांढरं हे जवळजवळ निव्वळ लोखंड आणि कार्बन, धारेला सगळ्यात सोपं. निळ्यात थोडं टंगस्टन आणि क्रोमियम घातलेलं असतं, त्यामुळे धार जास्त दिवस टिकते, लावायला किंचित जास्त वेळ लागतो. दोन्ही गंजतात. पहिल्यांदाच घेणाऱ्याने या कागदांच्या फरकात अडकू नये. दगड अजून हातात बसलेला नसताना तो फरक कळतही नाही.

लोहाराचं पोलाद बहुतेक वेळा गाडीच्या कमानीचा पाटा असतो. त्यात कार्बन ०.६ टक्क्यांच्या आसपास. सुरीला हे चांगलं, चिवट पोलाद आहे. अडचण पोलादात नसून जाडीत आहे. लोहाराकडे गिऱ्हाईक येतं ते कोयता, कुऱ्हाड, विळा मागायला. त्याच हाताने तो सुरीही जाड ठेवतो, आणि जाड सुरी पाचरीसारखी चालते: गाजर कापलं न जाता पुढे फुटतं, ‘कट्ट’ असा आवाज येतो, कांद्याच्या पाकळ्या सुट्या होऊन घरंगळतात. म्हणून बोलणं आधी स्पष्ट व्हायला हवं. ते साधारण असं होतं:

“दादा, पाठ अडीच-तीन मिलिमीटरच ठेवा. धारेकडे उतरवत आणा, पोस्टकार्डासारखी.”

“एवढी बारीक टिकायची नाही ताई. नारळ कसा फोडणार?”

“नारळाला घरात कोयता आहे. ही फक्त भाजीला.”

हे शेवटचं वाक्य सांगितलं की काम बदलतं. मापं कागदावर लिहून न्यावीत: पात्याची लांबी १८० मिलिमीटर, मुठीजवळ उंची ४५, पाठीची जाडी तिथे ३ आणि टोकाकडे २, धारेच्या अगदी मागे अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी. उंची ४५ असली की चिरताना बोटांचे सांधे पाटावर आपटत नाहीत. लांबी १८० असली की कोबीच्या मध्यम गड्ड्यातून एका ओढीत जाता येतं आणि मेथीची जुडीही मावते. २१० ची सुरी उत्तम चालते, पण आपल्या फ्लॅटमधल्या ओट्यावर गॅस आणि सिंक यांच्यामध्ये जेमतेम दीड-दोन फूट मोकळी जागा असते. तिथे ती टाइल्सना आपटत राहते.

पाणी देणं हा खरा कळीचा टप्पा. पोलाद साधारण ८०० अंशांपर्यंत तापवून पाण्यात किंवा तेलात बुडवलं की कडक होतं, पण काचेसारखं ठिसूळही होतं. मग ते पुन्हा हलकं, १८० ते २०० अंशांच्या आसपास तापवून ठिसूळपणा उतरवावा लागतो. घाईत हा दुसरा टप्पा राहून जातो, किंवा आच जास्त होऊन पातं मऊ पडतं. हे तपासायला पितळेची सळई पुरते. सुरीला धार आल्यावर ती कड सळईवर पंधरा-वीस अंशांत टेकवून हलक्या दाबाने सरकवायची आणि उजेडाकडे धरून पाहायचं. सळईवर कड किंचित लवते आणि पुढे गेल्यावर सरळ होते, तर पाणी बरोबर बसलं आहे. वाकून तशीच राहिली तर पातं मऊ आहे. बारीक दाते पडले तर ठिसूळ आहे. मऊ पातं परत देऊन पुन्हा पाणी द्यायला सांगता येतं, ठिसूळ पातं पुन्हा तापवून उतरवता येतं. दोन्ही दुरुस्त होतं, म्हणून तिथे उभ्याउभ्या तपासावं.

जुन्या बाजारातल्या पात्यावर तांबूस गंज दिसला म्हणून सोडून देऊ नका, तो निघतो. सोडून द्यायची ती काळे खड्डे धारेपर्यंत पोचलेली पाती, कारण खड्डा धारेत आला की तिथे दाता पडणारच. कडेला निळा-जांभळा रंग दिसला तर तीही सोडा. ग्राइंडरवर जळल्याची ती खूण आहे. पातं डोळ्यासमोर धरून पाठीवरून टोकाकडे बघा. वाक किंवा पीळ लगेच दिसतो.

मुठीला शिसम किंवा साग चालतो. पात्याची शेपटी मुठीत जिथे शिरते तिथे फट असेल तर पाणी आत जातं आणि पातं आतल्या आत, न दिसता गंजतं. फटीत मेण किंवा इपॉक्सी भरून घ्या. मुठीला जवसाचं तेल चोळावं, कारण ते हवेत वाळून कडक थर धरतं. रंगाच्या दुकानातलं उकळलेलं जवसाचं तेल मात्र नको. त्यात लवकर वाळवणारे धातूंचे क्षार असतात. आणि ज्या गुणासाठी जवस मुठीला चांगलं, त्याच गुणासाठी ते पात्याला वाईट: थर चिकट, पिवळा होतो.

सुरी घरी आली की पहिल्या दिवशी एकच काम. कोमट पाण्याने आणि भांड्याच्या साबणाने तेल काढायचं. लाख लावलेली असेल तर कापसावर नेलपॉलिश रिमूव्हर घेऊन पातं पुसायचं, मुठीला लागू न देता, मग साबणाने धुवायचं. पुसायचं ते पाठीकडून धारेकडे, फडका घडी करून. धारेच्या लांबीला धरून बोट कधी फिरवायचं नाही. लवकर वाळावं म्हणून काही जण पातं गॅसवर धरतात, ते करू नका. पातळ कड काही सेकंदांत दोनशे अंशांच्या पुढे जाते आणि लोहाराने दिलेलं पाणी तिथेच संपतं.

पुढचे तीन-चार आठवडे पातं रंग बदलतं, आणि नवीन माणूस इथेच घाबरतो. कांदा चिरला की तपकिरी ओघळ, कैरी-लिंबाने राखाडी, शिजवलेल्या मांसाने मोरपंखी निळा. हे डाग एकमेकांत मिसळून शेवटी पातं गडद राखाडी होतं. हा घट्ट बसलेला थर खालच्या पोलादाला बऱ्यापैकी झाकतो, त्यामुळे पुढे गंज हळू धरतो. गंज आणि हा थर ओळखायची साधी युक्ती आहे: पांढऱ्या फडक्यावर तेलाचा थेंब घेऊन डागावर चोळा. फडका विटकरी झाला तर गंज, स्वच्छ राहिला तर थर. थर घासून काढू नका. पातं पुन्हा नव्यासारखं चकाकावं म्हणून दर आठवड्याला घासणाऱ्यांची सुरी कायम पहिल्या आठवड्यातच राहते.

व्हिनेगर किंवा कडक कोऱ्या चहात पातं बुडवून थर एका दिवसात आणता येतो. येतो खरा, पण भुसभुशीत असतो आणि धारेवरही बसतो, त्यामुळे नंतर धार पुन्हा लावावी लागते. रोजचा कांदा-बटाटा चिरत आलेला थर जास्त घट्ट बसतो. मला तोच पसंत आहे.

थर येईपर्यंत कापलेल्या जिनसांवरही परिणाम होतो, हे माहीत असलेलं बरं. केळफूल, कच्ची केळी, वांगं यांतली तुरट द्रव्यं लोखंडाशी मिळून काळी पडतात. हिरड्याची काळी शाई लोखंडाच्या क्षाराने होते, तोच हा प्रकार. खाण्याला अपाय नाही, पण केळफुलाची भाजी शाईसारखी दिसते. पहिला महिना या तीन भाज्यांना घरातली स्टेनलेसची सुरी वापरा. कोशिंबिरीचा कांदा किंचित करडा होऊन धातूची चव धरतो. चार-पाच आठवड्यांनी ती तक्रार राहत नाही. कैरीचं लोणचं घालायचा मे महिना मात्र वेगळा. दोन-तीन किलो फोडी करताना आंबट रस तासभर पात्यावर राहतो, म्हणून दर चार-पाच कैऱ्यांनंतर ओल्या आणि मग कोरड्या फडक्याने पातं पुसायचं. कोय फोडायची ती विळीवर किंवा अडकित्त्यावर, या सुरीने नाही.

नाही म्हणायच्या गोष्टींची यादी लहान आहे, पण कडक आहे. गुळाची ढेप, गोठलेला पदार्थ, हाड, नारळ. लाल भोपळ्याच्या सालीत सुरी रुतली की पिळून बाहेर काढायची नाही, कारण पातळ धार दाबाने मोडत नाही, पिळाने मोडते. सरळ मागे ओढा. ग्रॅनाइटचा ओटा, काचेचा पाट आणि स्टीलचं ताट यांवर एकदा चिरलं तरी धार बसते. आंब्याच्या लाकडाचा पाट चांगला. चिरलेलं कढईत लोटताना धार पाटावर खरवडायची नाही. सुरी उलटी करून पाठीने लोटायचं.

आता धार. रविवार पेठेत, बोहरी आळीत धारेचे दगड मिळतात. तिथला दोन बाजूंचा काळा-करडा तेलाचा दगड चालतो, पण त्याची बारीक बाजूही सुरीला भरड पडते. एकच दगड घ्यायचा तर १००० नंबरचा पाण्याचा दगड घ्या, पुढे ३००० किंवा ४००० चा; नंबर जितका मोठा तितका दगड बारीक. सच्छिद्र दगड दहा मिनिटं, बुडबुडे थांबेपर्यंत पाण्यात ठेवायचा. घट्ट बांधणीचा असेल तर वरून पाणी शिंपडणं पुरे. तो भिजत ठेवला तर खराब होतो.

ओल्या फडक्यावर दगड ठेवला की सरकत नाही. कोन एका बाजूला पंधरा अंश. मोजायला सोपं म्हणजे ४५ मिलिमीटर उंचीचं पातं असेल तर पाठ दगडापासून ११ ते १२ मिलिमीटर वर हवी. पट्टीने एकदा बघा, मग करंगळीची जाडी तेवढीच आहे का ते ताडून घ्या आणि ती खूण धरा. धारेवर मार्करने काळी रेघ ओढा आणि दोन वेळा घासून पाहा. काळं वरच राहिलं आणि अगदी कडेचं गेलं तर कोन जास्त आहे; कडेला काळं राहून वरचं गेलं तर कमी आहे. सगळ्यांच्या चुका इथेच होतात, आणि मार्कर त्या लगेच दाखवतो.

पातं तीन भागांत धरायचं: टाच म्हणजे मुठीजवळचा भाग, मधला, टोक. प्रत्येक भागाला दहा-बारा घासण्या, धार पुढे ढकलताना दाब, मागे ओढताना हलका हात. टोकाकडे वळण येतं तिथे मूठ किंचित उचलायची, नाहीतर तेवढंच बोथट राहतं. दगडावर करडं पाणी साचतं. ते पुसू नका, तेच काम करतं. मग अंगठा पाठीकडून धारेबाहेर, धारेला आडवा नेऊन दुसऱ्या बाजूला खरखर लागते का बघा. वर्कशॉपात ज्याला ‘बर’ म्हणतात ती ही पत्री. टाचेपासून टोकापर्यंत सलग लागली पाहिजे. लागली नाही म्हणजे त्या जागी धारेपर्यंत पोचलेलोच नाही, आणि पुढे कितीही बारीक दगड वापरला तरी तिथे कापणार नाही. सलग लागली की बाजू बदला. दुसऱ्या बाजूनेही बर आली की दोन्ही बाजूंना पाच, मग तीन, मग एक अशा हलक्या घासण्या. बारीक दगडावर हेच फक्त हलक्या हाताने. शेवटी दगडावर वर्तमानपत्र गुंडाळून किंवा जुन्या चामडी पट्ट्याच्या आतल्या बाजूवर सुरी उलटी ओढायची, म्हणजे पाठ पुढे आणि धार मागे, दोन्ही बाजूंना दहा वेळा. हा पट्टा आठवड्यातून एकदा केला तर दगड महिना-दीड महिन्याने काढावा लागतो.

दगडाला मध्ये खड्डा पडतो आणि मग कोन टिकत नाही. त्यावर पेन्सिलीने चौकटी आखा आणि ग्रॅनाइटच्या तुकड्यावर २२० नंबरचा पाण्यात चालणारा पॉलिश पेपर ठेवून, पाणी घालत, रेघा जाईपर्यंत घासा. तीन-चार वेळा धार लावून झाली की एकदा.

सायकलवर चाक घेऊन येणाऱ्या धारवाल्या काकांकडे ही सुरी देताना विचार करा. कोरडं चाक जोरात फिरतं आणि पातळ कड तापते. कड निळी झाली म्हणजे ती साधारण तीनशे अंशांना पोचली आणि मऊ पडली. त्या दिवशी धार कमालीची वाटते, चार दिवसांत बसते. द्यायचीच असेल तर “काका, हे पोलाद आहे, हलक्या हाताने आणि दर फेरीला पाण्यात बुडवत करा,” असं सांगून शेजारी उभं राहावं. सांगितलं की बहुतेक जण नीट करतात. निळी पडलेलीच असेल तर तेवढी कड दगडावर पूर्ण झिजवून खालच्या चांगल्या पोलादापर्यंत जायला लागतं, दुसरा उपाय नाही.

जून ते सप्टेंबर हे पुण्यातले कसोटीचे महिने. भिंतींना ओल, हवा सतत दमट, फडके दोन दिवस वाळत नाहीत. ओलसर फडक्याने पुसलेली सुरी पुसलीच नाही असं समजा. सुरीसाठी वेगळा फडका ठेवून तो गॅसजवळ वाळत घाला. पुसल्यावर रात्री दोन-तीन थेंब खोबरेल पात्यावर फिरवायचं. डिसेंबरात ते बाटलीत थिजतं, पण बोटाच्या उबेने लगेच पातळ होतं. सूर्यफूल आणि करडई ही तेलं नकोत, काही आठवड्यांत चिकट होतात. औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिनही चांगलं. चामड्याच्या म्यानात ठेवू नका, चामडं ओल धरून बसतं. सिंकवरच्या स्टँडमध्ये तर नाहीच.

तरी ठिपके आले तर खाण्याच्या सोड्याची घट्ट पेस्ट बाटलीच्या बुचाने चोळा. नाही गेले तर १५०० नंबरचा पॉलिश पेपर तेलात बुडवून एकाच दिशेने, पात्याच्या लांबीला धरून घासा. चिंच-मिठानेही गंज जातो, पण त्याबरोबर सगळा थरही जातो, आणि मीठ कुठे राहिलं तर दुसऱ्या दिवशी नवा गंज. म्हणून ते शेवटचं.

गणपतीला गावी जायचं आणि घर आठ-दहा दिवस बंद राहणार असेल तर आदल्या रात्री सुरी धुऊन, पुसून, तासभर पंख्याखाली ठेवा. मग पॅराफिनचा थर थोडा जाड लावा, पाठीवर आणि मुठीच्या सांध्यापाशीही, आणि सुती कापडात गुंडाळून कपड्यांच्या कपाटात ठेवा. स्वयंपाकघरापेक्षा तिथे ओल कमी असते. सोबत सिलिका जेलची पुडी टाका. परत आल्यावर कोमट पाण्याने तेल काढायचं, पट्ट्यावर दोन्ही बाजूंना दहा वेळा ओढायची आणि भाजीला घ्यायची.